भाऊचा कॅमेरा मोठा

आमच्या घरात बहुतेक वस्तू दोन मापांच्या होत्या, एक भाऊच्या मापाची आणि एक माझ्या. भाऊचं ताट मोठं, माझं लहान. भाऊची वाटी खोल, माझी उथळ, तिच्यात वरण घेतलं की भाकरी बुडायची नाही. वरणबट्टीच्या दिवशी आई तुपात सोडलेल्या बट्ट्यांतली सगळ्यात फुगलेली बट्टी न बघता उचलायची आणि ती न चुकता भाऊच्या ताटात जायची. मी कुरकुरले तर म्हणायची, "तो मोठा आहे गं, शालू." जणू मोठं असणं ही त्याने मेहनत करून मिळवलेली गोष्ट होती. त्यामुळे आमच्या वडिलांनी, आप्पांनी, आमच्या हातात कॅमेरे दिले तेव्हा कुणाला कुठला मिळणार हे मला आधीच कळलेलं होतं, आणि तरीही त्या दिवशी मी जेवले नाही.

आप्पांचा स्टुडिओ सिल्वासाला किलवणी नाक्याजवळ होता. पुढे दुकान, मागे आम्ही, आणि मधे मोरीची केलेली डार्करूम. आप्पा धुळ्याकडून आले ते दुसऱ्याच कामाला, पण इथे दर थोड्या दिवसांनी नवा कारखाना उघडत होता, कारखान्यात माणसं भरती होत होती, आणि माणूस भरती झाला की त्याला फोटो लागतोच. घरात दोन वास कायम भांडत असायचे, आईच्या शेंगदाण्याच्या तेलातल्या फोडणीचा आणि डार्करूममध्ये फोटो पक्का करायला लागणाऱ्या हायपोचा. आई म्हणायची, "तुमच्या त्या अंधाराचा वास माझ्या खिचडीला लागतो." आप्पा म्हणायचे, "तुझ्या ठेच्याने माझे प्रिंट शिंकतात." मागच्या बाजूला धुवायला टाकलेल्या फोटोंवर नळाची बारीक धार रात्रंदिवस चालू असायची. अजूनही कुठे नळ नीट बंद झालेला नसला की मला वाटतं, कुणाचा तरी चेहरा धुतला जातोय.

भाऊला मिळाला तो एकशेवीसच्या रुंद रोलचा कॅमेरा, दोन भिंगांचा, डब्यासारखा. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरून काचेत बघायचं. त्या काचेत अख्खं जग चौकोनी आणि उजळ दिसे, फक्त डावं उजवीकडे गेलेलं. मला मिळाला पस्तीसच्या अरुंद रोलचा. डोळ्याला लावायचा, चटचट काढायचा, गळ्यात अडकवून सायकलवर बसायचं. आप्पांनी समजूत घातली, "पोरीच्या गळ्यात ते ओझं कशाला? आणि तुझ्या रोलवर छत्तीस निघतात. भाऊला बाराच." मी म्हटलं, "मग मला बाराच द्या." आप्पा हसले. मी गंमत करत नव्हते.

माझ्या पोटात दुखायचं ते खरं तर कॅमेऱ्यामुळे नाही, शोकेसमुळे. दुकानाच्या काचेत आप्पा बारा बाय दहाचे मोठे फोटो लावत. तोकरखाड्याच्या शाळेतली बाई, खानवेलहून बाजाराला आलेली एक म्हातारी, कुणाचं बाळ. बसमधून उतरलेली माणसं तिथे थबकायची. त्या काचेत एकामागून एक भाऊचे फोटो लागले, आणि माझा एकही नाही. मी आप्पांना विचारलं की ते म्हणायचे, "तुझा चांगलाच आहे, पण एवढा मोठा होत नाही." चांगला आहे पण मोठा होत नाही! हे वाक्य मी कितीतरी दिवस चघळत होते. शेवटी मी ठरवलं, एकदा समोरासमोर होऊन जाऊ दे.

त्या दुपारी आई अंगणात बिबड्या, ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. मी भाऊला म्हटलं, आपण दोघंही आईचा फोटो काढू. तीच जागा, तेच ऊन, सारख्याच जातीचा रोल. भाऊने नाक मुरडलं, पण आला. त्याने तिपाईवर कॅमेरा ठेवला, मान वाकवली, पुन्हा ठेवला, पुन्हा वाकवली. आई ओरडली, "अरे, बिबड्या उडतील, काढ लवकर!" मी तोवर काढून मोकळी झाले होते. मग आम्ही दोघांच्या निगेटिव्ह धुतल्या आणि आप्पांनी स्वतः दोन्हींचे प्रिंट काढले. आधी पोस्टकार्ड आकारात. मी दोन्ही शेजारी ठेवले आणि माझा जीव भांड्यात पडला, कारण फरक सांगता येत नव्हता. आईचं हसू तेच, पदर तोच. मी भाऊकडे असं बघितलं की त्याने दिव्याचं बटण शोधायचं नाटक केलं.

मग आप्पांनी बारा बाय दहाचे केले. भाऊच्या फोटोत आईच्या कपाळावरचा एकेक केस मोजून घ्यावा असा होता. लुगड्याची वीण दिसत होती, हनुवटीवरचं गोंदण दिसत होतं, बोटाला चिकटलेलं पीठसुद्धा. माझ्या फोटोत केसांचा एक काळा पुंजका झाला होता, गोंदणाच्या जागी मळका डाग, आणि सगळ्या तोंडावर बारीक दाणे पसरलेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, भिंग खराब असेल. आप्पांनी माझी निगेटिव्ह भाऊच्या निगेटिव्हवर ठेवली. तिच्यात माझ्यासारख्या चार बसल्या असत्या. "भिंगात खोट नाही, पोरी. लहान गोळ्याची एवढी मोठी पोळी लाटायला गेलं तर ती विरते, भोकं पडतात. भाऊचा गोळाच मोठा आहे, त्याला ताणावं लागत नाही." घरात कुठलीही गोष्ट पोळीभाकरीवर आली की मला ताटांची आठवण व्हायची, आणि झालीच.

आई तेवढ्यात हात पुसत आली. तिने भाऊचा फोटो बघितला आणि म्हणाली, "अगं बाई, इतकी म्हातारी दिसते मी?" मग माझा बघितला. "हा चांगला आहे. यात कशी गोड दिसते." ती मनापासून बोलत होती, पण मला ते मेलं बक्षीस नको होतं. धूसर आहे म्हणून चांगला, असं म्हणणाऱ्यांचा मला आजही राग येतो. हल्ली नातवंडं फोनवर मुद्दाम मागचं सगळं धूसर करतात आणि त्याला सुंदर म्हणतात. ज्याला स्पष्ट दिसणारं हवं होतं आणि मिळालं नाही, त्याने धूसरपणाचं कौतुक करू नये.

यानंतरची गोष्ट दसऱ्याची. कारखान्यांत दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. मशिनला झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, आणि पूजा झाली की सगळ्या कामगारांचा मालकाबरोबर ग्रुपफोटो. या फोटोला मोठा मान होता. दिवाळीला गावी जाताना प्रत्येक कामगार त्याची एक कॉपी घेऊन जाई, घरच्यांना आपण कुठे काम करतो ते दाखवायला. फोटो हातात आला की माणूस पहिल्यांदा बोट फिरवून स्वतःला शोधायचा, आणि आपला चेहरा ओळखू आला नाही तर कॉपी घ्यायचा नाही. म्हणून ग्रुपफोटो एकशेवीसवरच, त्यात वाद नव्हता. त्या वर्षी आप्पांची कंबर धरली होती. खडोलीच्या एका कारखान्याचं काम भाऊकडे आलं, आणि मला त्यांनी सांगितलं, "तू पूजेचे, प्रसादाचे काढ, आणि भाऊच्या ग्रुपच्या वेळी बाजूने एखाददुसरा काढून ठेव. असू दे जवळ." असू दे जवळ! म्हणजे भाऊ भाकरी आणि मी तोंडी लावायला.

मालकांना नवी शेड फोटोत हवी होती. शेडच्या मागून ऊन सरळ भाऊच्या भिंगावर येत होतं. ऊन भिंगात शिरलं की फोटो पांढरट होतो, तेव्हा कुणीतरी कॅमेऱ्यावर सावली धरायला हवी होती. सुपरवायझर ओरडत होता, "चलो भाई, लाइन में खडे रहो, जल्दी करो ने!" कुणी आपली जागा सोडायला तयार होईना. शेवटी पॅकिंगमधला रामदास नावाचा एक तरुण बाहेर आला. तो नंदुरबारकडचा, आमच्याकडे पासफोटोला येऊन आईशी अहिराणीत गप्पा मारून गेलेला, सदा हसरा. त्याने वॉचमनची काळी छत्री घेतली आणि भाऊच्या खांद्यापाशी उभा राहिला. "भाऊसाहेब, तुम्ही नवरदेव, मी करवला," असं म्हणाला आणि समोरची सगळी ओळ खदखदून हसली.

मी ओळीच्या कडेला, बाकावर चढून उभी होते. मला सांगितलेलं काम होतं त्या ओळीचा फोटो काढायचं. पण मी ओळीकडे बघतच नव्हते. मी भाऊकडे बघत होते. एवढी माणसं श्वास रोखून त्याच्याकडे बघत होती, मालक खुर्चीत ताठ बसून त्याच्या "हलू नका"ची वाट बघत होते, आणि वर त्याच्यावर चक्क छत्री धरलेली! राजाच होता तो त्या क्षणी, आणि तो तिपाईवरचा डबा त्याचं सिंहासन. माझ्यावर कधी कुणी छत्री धरली नव्हती, पावसातसुद्धा. मी कॅमेरा डोळ्याला लावला, ओळीकडे पाठ फिरवली आणि चट करून तो देखावा काढला. का काढला ते मला तेव्हा विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं.

भाऊने ग्रुपचे फोटो काढले आणि रोल संपला. त्याने रामदासला म्हटलं, "थांबा, दुसरा रोल घालतो, तुम्ही पण उभे राहा." पण तोवर मालक उठले होते, घंटा झाली होती, माणसं जेवणाकडे पांगली होती. रामदास छत्री मिटत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. आमना पुढला दसराले." पुढे त्या ग्रुपफोटोची कॉपी मात्र त्याने घेतली. स्वतः नसलेल्या फोटोची कॉपी घेणारा तो एकटाच. भाऊचा ग्रुपफोटो फार सुंदर आला होता, शेवटच्या ओळीतल्या माणसाच्या खिशातलं पेनसुद्धा ओळखू यावं असा. तो शोकेसमध्ये लागला. मी मागच्या बाजूने दुकानात यायचा रस्ता शोधून काढला, म्हणजे काचेसमोरून जावं लागू नये.

दिवाळीला गावी गेलेला रामदास परत आला नाही. काविळीने गेला. हे आम्हाला कळलं ते त्याची बायको खोलीतलं सामान न्यायला खडोलीला आली आणि तिथून पत्ता विचारत आमच्या दुकानात आली तेव्हा. माझ्याच वयाची असेल, फार तर थोडी मोठी. तिने पिशवीतून तो ग्रुपफोटो काढून काउंटरवर ठेवला. चेहऱ्यांवरून बोट फिरवून फिरवून त्याचा गुळगुळीतपणा गेला होता.

"यामा त्या नहीत," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "माले म्हनेत, मी छत्री धरेल व्हती. मंग त्यास्ना फोटो कोनी काढाच नही का?"

लग्नातला एक फोटो होता तिच्याकडे, त्यात नवऱ्याच्या तोंडावर मुंडावळ्या. पासफोटोची निगेटिव्ह आमच्याकडे सापडेना, कारण पासफोटोच्या निगेटिव्ह आप्पा ठेवत नसत. आमच्याकडे मेलेल्या माणसाचा फोटो ग्रुपमधून कापून मोठा करून देणं हे नेहमीचं काम होतं. लग्नातल्या, बारशातल्या फोटोतून एक चेहरा उचलायचा, मोठा करायचा, फ्रेम करायची, म्हणजे घरी हार घालता येतो. भाऊने आपल्या दसऱ्याच्या सगळ्या निगेटिव्ह काढल्या आणि एकेक करून काचेवर ठेवून भिंगातून बघितल्या. मोठ्या विश्वासाने बघितल्या. प्रत्येक माणूस होता, मालकाच्या अंगठीतला खडा होता. रामदास नव्हता. कसा असेल? तो भिंगाच्या मागे होता.

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं.

त्या वेळी मला आनंद झाला. समोर ती बाई तशी उभी असताना झाला, आणि तो मी लपवून ठेवणार नाही. भाऊच्या मोठ्या निगेटिव्हमध्ये जे नव्हतं ते माझ्या लहान निगेटिव्हमध्ये होतं. मी निगेटिव्हची पट्टी शोधून आणली. भाऊ वाकलेला, त्याचं तोंड दिसत नाही, नुसता भांग. तिपाईवर कॅमेरा. आणि शेजारी रामदास, समोरून पूर्ण उन्हात, छत्री धरून हसणारा. पण चेहरा मोहरीएवढा.

आप्पा म्हणाले, "लहान कर. जेवढं आहे तेवढंच द्यावं माणसाने." मी डार्करूममध्ये गेले. छातीपर्यंतचा रामदास आणि छत्रीची मूठ तेवढी ठेवली, भाऊला आणि त्याच्या कॅमेऱ्याला कापून बाहेर काढलं. इतक्या आवडीने मी आयुष्यात दुसरं काही कापलेलं नाही. काडेपेटीएवढा फोटो आला, अगदी स्वच्छ. डोळे, मिशी, सगळं. तिने तो तळहातावर घेतला. आईने तिला आत बसवून कळण्याची भाकरी वाढली, ती तिने जेमतेम चिवडली. मग हळूच मला म्हणाली, "ताई, मोठा नही व्हये का? मन्ही जेठानीना घर जेठना फोटो शे, इतला मोठा." तिने दोन्ही हात फाकवून दाखवलं. "याले हार कसा घालू? हारच मोठा व्हई जाई."

जेठाणीकडे, थोरल्या जावेकडे, मोठा आहे! मला कुणी काही समजावून सांगायची गरज राहिली नाही. तिच्या डोळ्यात जे होतं ते मी रोज आरशात बघत होते. नवरा गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या पोटात हेही होतं की जेठाणीच्या भिंतीवरच्या तिच्या नवऱ्यापुढे आपला नवरा काडेपेटीएवढा दिसणार, मेल्यावरसुद्धा धाकटाच राहणार. मी आप्पांना न विचारता म्हटलं, "होईल. बारा बाय दहाचा करते."

फोटो मोठा करायच्या एन्लार्जरचं डोकं जाईल तितकं वर नेलं. खाली कागदावर जे पडलं त्यात माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. मी दोनतीन कागद वाया घालवले. शेवटचा ट्रेमध्ये हलवत असताना भाऊ आत आला, लाल दिव्यात वाकला आणि म्हणाला, "हा माणूस आहे का? हा तर रवा सांडलाय." मी त्याला कोपराने ढोसलं. पण तो खरं बोलत होता. इतक्या जवळून ते नुसते दाणे होते, काळे आणि पांढरे. जे भाऊच्या कॅमेऱ्याने चुटकीसरशी केलं असतं ते माझ्याने होत नव्हतं, आणि या वेळी ते मला शोकेससाठी नको होतं.

प्रिंट धुऊन मी दुकानात दोरीला चिमट्याने लटकवला आणि मान खाली घालून उभी राहिले. ती आतून, स्वयंपाकघराच्या दारातून येत होती. दारातच थांबली.

"हाई देखा," ती आईला म्हणाली, "हसी राहिनात."

मी वळून तिच्यापाशी गेले आणि तिच्या जागेवरून बघितलं. तिथून रामदास होता. दाणे एकमेकांत मिसळून गेले होते, गाल होता, मिशी होती, हसू होतं. मी तिला खरं ते सांगितलं, की जवळ गेल्यावर हा दिसत नाही, नुसते ठिपके दिसतात. तेव्हा ती म्हणाली, "जवळ जाईसन कोन देखे त्यास्ले? त्या येत तवय मी वट्टावरथीनच देखू." वर्षातून दोनदा तो घरी यायचा, आणि सासूसासऱ्यांसमोर, भरल्या घरात, ती नवऱ्याला बघायची ती ओट्यावरून, फाट्यापासून चालत येताना. तेवढंच अंतर होतं त्यांच्यात, आणि तेवढंच माझ्या निगेटिव्हला पुरेसं होतं.

आप्पांनी फ्रेम करून दिली. ती बाई फ्रेम छातीशी धरून बस पकडायला गेली. काडेपेटीएवढाही तिने परत दिला नाही, पदराच्या गाठीत बांधून नेला.

ती गेल्यावर भाऊ माझी ती पट्टी घेऊन दारातल्या उजेडात उभा राहिला. माझी निगेटिव्ह त्याने आजवर कधी अशी उजेडात धरून बघितली नव्हती. बराच वेळ बघत होता. छत्री, रामदास, आणि खाली मान घातलेला तो स्वतः. मोठ्या कॅमेऱ्याने त्याने सगळ्या सिल्वासाचे फोटो काढले होते, पण त्याचा असा कुणीच काढला नव्हता. त्याला वाटलं असावं, बहिणीची माया.

"शालू," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा ओला झाला होता, "तू माझा फोटो काढलास?"

"तुझा नाही," मी म्हटलं. "कॅमेऱ्याचा."